मोटारीचे तेल आणि आप्तवाक्य

नवी मोटार घेतलेल्या गृहस्थास वर्षातून एकदा तरी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. इंजिनातील तेल केव्हा बदलावे, हा तो प्रश्न होय. मोटारीबरोबर आलेली पुस्तिका बहुधा असे सांगते की दहा हजार किलोमीटर झाल्यावर किंवा एक वर्ष उलटल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. ज्यांनी चाळीस वर्षे मोटारी हाकल्या ते शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ सांगतात की पाच हजारांच्या पुढे एक किलोमीटरही जाऊ देऊ नये. गॅरेजमधील मिस्त्री तेलाची पट्टी बाहेर काढतो, फडक्याला पुसतो, काळा डाग दाखवितो आणि मान हलवितो. काही मोटारींत तर चालकासमोरील फलकावरच तेलाचे आयुष्य इतके टक्के उरले आहे असा आकडा उमटतो. चौघे चार गोष्टी सांगतात. आणि ज्यास तेलातले काही कळत नाही अशा त्या गृहस्थाने त्यांतून एकाची निवड करावयाची असते.

या प्रश्नाचे यंत्रशास्त्रीय उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे, व प्रस्तुत लेखाचा तो हेतूही नाही. आम्हांस येथे निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या विषयात आपणांस स्वतः परीक्षा करता येत नाही, त्या विषयात दुसऱ्याच्या शब्दावर कितपत आणि कोणत्या अटीवर विसंबावे, हा प्रमाणशास्त्राचा आणि नीतिशास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. वैद्याने दिलेले औषध, दुकानातून आणलेले बियाणे, पेढीत ठेवलेली ठेव, मुलासाठी निवडलेली शाळा, या सर्व ठिकाणी तो आपल्यापुढे उभा राहतो. परंतु तेथे आशा आणि भीती इतक्या प्रबळ असतात की विचार स्थिर राहत नाही. मोटारीचे तेल हे उदाहरण लहान असल्यामुळेच सोयीचे आहे. त्यात कोणाचे हृदय गुंतलेले नसते. म्हणून आपण विश्वास कसा ठेवतो हे तेथे स्वच्छ पाहता येते.

प्रथम तेलाविषयी चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. एरवी पुढील विवेचन अधांतरी राहील. इंजिनात धातूचे भाग एकमेकांलगत अतिशय वेगाने फिरत असतात. तेलाचा पातळ थर त्यांस एकमेकांस घासू देत नाही. शिवाय ते उष्णता वाहून नेते, काजळी व मळ आपल्या पोटात घेते आणि धातूस गंजू देत नाही. बाजारात मिळणारे इंजिनाचे तेल हे निव्वळ तेल नसते. मूळ तेलात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. काही मळ धुऊन काढतात, काही काजळीचे कण तेलात तरंगत ठेवून ते एकत्र साचू देत नाहीत, काही हवेतील प्राणवायूशी होणारा तेलाचा संयोग लांबवितात, तर काही धातूच्या पृष्ठभागाचे रक्षण करतात. तेल जुने होते याचा अर्थ मुख्यतः असा की ही द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात आणि त्याच वेळी बाहेरची घाण तेलात वाढत जाते. इंधन जळताना निर्माण होणाऱ्या वायूंपैकी काही भाग दट्ट्याच्या कड्यांवरून खाली उतरतो. त्याबरोबर आम्ल, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात येते. इंजिन पुरेसा वेळ चांगले तापले तर हे पाणी आणि पेट्रोल बहुतांशी उडून जाते. इंजिन तापण्यापूर्वीच प्रवास संपला तर ते तेथेच राहते. म्हणून दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या आणि पुन्हा दोन किलोमीटर येऊन थांबणाऱ्या मोटारीचे तेल, महामार्गावर एका दमात दोनशे किलोमीटर जाणाऱ्या मोटारीच्या तेलापेक्षा दर किलोमीटरमागे अधिक लवकर बिघडते.

आता आपल्या हाती असलेली प्रमाणे एकेक तपासून पाहू. पहिले प्रमाण प्रत्यक्ष. पट्टी काढून पाहिली की तेल काळे दिसते, आणि काळे ते वाईट असे मन तत्काळ ठरविते. पण मळ आपल्या पोटात घेणे हेच तर या तेलाचे काम. जे तेल आपले काम चोख करते ते काळे होणारच. डिझेलच्या इंजिनात तर नवे तेल थोड्याच दिवसांत काळेभोर होते. उलट, ज्यात पेट्रोल मिसळून ते पातळ झाले आहे असे तेल डोळ्यांस निर्मळ दिसू शकते. जो हेतु साध्य असेल तेथेही आढळतो आणि साध्य नसेल तेथेही आढळतो, त्यास आपल्या नैयायिकांनी सव्यभिचार म्हटले आहे. तेलाचा काळेपणा हा असा सव्यभिचार हेतु आहे. पट्टी निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. तेल किती आहे हे ती निश्चित सांगते, आणि ते पाहणे फार महत्त्वाचे आहे. पण तेल कसे आहे हे तिला विचारून उपयोग नाही. रेल्वेच्या इंजिनांसाठी १९४० च्या दशकापासून तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्यातील धातूंचे अंश मोजण्याची पद्धत निघाली, आणि पुढे ती विमाने व मोठी मालवाहू वाहने यांनाही लागू झाली. परंतु घरात एकच मोटार असलेल्या गृहस्थाने दर खेपेस तो खटाटोप करावा, हे सोयीचे नाही. तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण येथे संपले.

शिवाय दुसरी एक अडचण आहे. तेल अमुक क्षणी बिघडले असा क्षणच मुळात नसतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील मिलेटसच्या युबुलिडीस याच्या नावावर असलेले राशीचे कोडे सुशिक्षित वाचकांस ठाऊक असेलच. एक दाणा म्हणजे रास नव्हे, आणि एक दाणा वाढविल्याने रास नसलेल्याची रास होत नाही. तर मग रास होते तरी केव्हा? तेलाचे तसेच आहे. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव किलोमीटरवर चांगले असलेले तेल पुढच्या एका किलोमीटरने त्याज्य होत नाही. निसर्ग येथे रेघ ओढीत नाही. ती माणसास ओढावी लागते. तथापि रेघ माणसाने ओढली एवढ्यावरून ती लहरी ठरत नाही. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास किती गुण लागावेत हेही माणसेच ठरवितात. परंतु ते कोणत्या आधारावर ठरविले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकास असतो.

मग उरते ते शब्दप्रमाण. चार्वाकाने ते नाकारले. पण चार्वाकमतानुयायी म्हणविणारा गृहस्थही मोटार घेताच कोणाच्या तरी शब्दावर विसंबणार. तेव्हा कोणाचा शब्द घ्यावा एवढाच वाद शिल्लक राहतो. आप्त कोणास म्हणावे याचा विचार न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने केला आहे, आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. त्याच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांसही सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तत्व कुळावर किंवा पदवीवर अवलंबून नाही. ते ज्ञानावर आणि सांगण्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. ही कसोटी आपल्या चार वक्त्यांस लावून पाहू.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांस खोटे सांगण्यात काही लाभ नाही. त्यांची इच्छा निर्मळ आहे. त्यांचे ज्ञानही खोटे नव्हे. ते केवळ वेगळ्या काळाचे आहे. अमेरिकेत तीन हजार मैलांवर, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीसशे किलोमीटरवर, तेल बदलण्याचा नियम कित्येक पिढ्या चालला, आणि एके काळी तो शहाणपणाचा होता. कार्बोरेटर इंधनाचे माप नेमके ठेवू शकत नसे. थंड इंजिनात जास्तीचे पेट्रोल जाई व ते तेलात उतरे. तेल गाळण्याची सोय आरंभी नव्हतीच. मोटारीसाठी असा फिल्टर अमेरिकेत १९२३ साली निघाला. तेलातील द्रव्येही त्या काळी आजच्याइतकी टिकाऊ नव्हती. ज्या अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तिच्या जुन्या इंजिनावर ज्यांचा हात बसला, त्यांनी पाच हजारांचा नियम अनुभवाने पारखून घेतला होता. आज इंधनाचे माप संगणक ठेवतो, भाग अधिक सूक्ष्म मापाचे असतात आणि कृत्रिम रीतीने सिद्ध केलेले तेल उष्णतेस अधिक काळ तोंड देते. कारण गेले, पण नियम मागे राहिला. आमच्या समाजातील कित्येक आचारांची गत अशीच झालेली आहे. असे आचार सांगणारी वडीलधारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांस खरे वाटलेलेच ती सांगत असतात. म्हणूनच त्यांच्या शब्दापुढे नाही म्हणणे जड जाते. जुन्या इंजिनास मानवणारे जाड तेलच नव्या मोटारीतही घालावे, असा सल्ला हे गृहस्थ देतात, तेव्हा तर त्यांच्या मायेपेक्षा पुस्तिकेतील कोरडा आकडा अधिक मानावा लागतो. कारण ज्या इंजिनाच्या वाटा पातळ तेलासाठी आखलेल्या आहेत, त्यात जाड तेल घालणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास पाजणे होय.

मिस्त्रीची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याने इंजिने उघडून पाहिली आहेत. गाळाने भरलेल्या तेलाच्या वाटा त्याने स्वतःच्या बोटांनी साफ केल्या आहेत. तो जे पाहतो ते पुस्तिका लिहिणारांपैकी अनेकांनी पाहिलेले नसते. परंतु ज्याप्रमाणे वैद्याच्या दारी रोगीच येतात, त्याप्रमाणे मिस्त्रीसमोर बिघडलेली इंजिनेच उघडली जातात. जी इंजिने दहा हजारांच्या हिशेबाने वर्षानुवर्षे निर्वेध चालली, ती त्याने कधी उघडलीच नाहीत. त्यामुळे जग आहे त्याहून अधिक आजारी आहे, असे त्यास प्रामाणिकपणे वाटू शकते. शिवाय तेल बदलण्यावर त्याचा चरितार्थ आहे. एवढ्यावरून तो लबाड ठरत नाही. हितसंबंध असणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे. पण जेथे हितसंबंध आहे तेथे शब्द दोनदा तोलून घ्यावा, हा व्यवहार सर्वमान्य आहे.

मग मोटार बनविणारा निर्हेतुक आहे काय? त्याचे ज्ञान सर्वांत मोठे, यात संशय नाही. त्याने इंजिने दीर्घकाळ चालवून पाहिलेली असतात आणि कोणते तेल कोठवर टिकते हे मोजलेले असते. पण ज्या मोटारीची निगा स्वस्त, ती विकण्यास सोपी; आणि दुरुस्तीची जबाबदारी निर्मात्यावर असते ती हमीची मुदत संपेपर्यंत. मोटार पंधरा वर्षे चालावी अशी मालकाची इच्छा असते. निर्मात्यास तशी इच्छा नसेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु पंधराव्या वर्षी इंजिन कसे आहे याचा हिशेब त्याच्या वहीत मांडला जात नाही, एवढे खरे. मिस्त्रीचा लाभ तेल लवकर बदलण्यात, निर्मात्याचा लाभ उशिरा बदलण्यात. एकाचा स्वार्थ आपणांस दिसतो, कारण तो समोर हात पसरून उभा असतो. दुसऱ्याचा दिसत नाही, कारण तो सुबक छापलेल्या पुस्तिकेत असतो.

शेवटचा वक्ता म्हणजे फलकावरील आकडा. यंत्रास स्वार्थ नाही, म्हणून पुष्कळांस तेच खरे आप्त वाटते. पण यंत्रास काय ठाऊक असते हे पाहावे. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जी पद्धत प्रचारात आणली, तीत यंत्र तेलाकडे पाहतच नाही. इंजिनाचे फेरे किती झाले आणि ते किती तापले हे मोजून, त्यावरून तेल किती थकले असावे याचे ते अनुमान करते. हे अनुमान निव्वळ किलोमीटर मोजण्याहून पुष्कळच चांगले आहे, कारण थंड इंजिनाचे छोटे प्रवास त्यात जमेस धरले जातात. तरीही ते अनुमानच. इंजिनात योग्य प्रतीचे तेल घातले आहे असे ते गृहीत धरते. कोणी तेल न बदलताच आकडा पुन्हा शंभरावर नेऊन ठेवला, तर ते मुकाट्याने शंभरच दाखवील. कित्येक मोटारींतील यंत्रे तर एवढेही करीत नाहीत. ती केवळ किलोमीटर आणि दिवस मोजून वेळ भरताच दिवा लावतात. यंत्र खोटे बोलत नाही, पण वस्तू स्वतः जाणण्याची वात्स्यायनाची पहिली अट ते पुरी करीत नाही.

एतावता चौघांपैकी एकही पूर्ण आप्त नाही. या ठिकाणी पुष्कळ लोक हताश होऊन सरासरी काढतात: एक म्हणतो पाच हजार, दुसरा म्हणतो दहा हजार, तेव्हा साडेसात हजारांवर बदलावे. ही तडजोड शहाणपणाची दिसते, आणि ॲरिस्टॉटलच्या मध्यममार्गाचा आधारही तिला दिला जातो. वस्तुतः त्या तत्त्ववेत्त्याने याच्या उलट सांगितले आहे. दहा शेर अन्न पुष्कळ आणि दोन शेर थोडे, म्हणून शिक्षकाने सर्वांस सहा शेर द्यावे असे होत नाही, कारण मायलो या मल्लास ते अपुरे पडेल आणि नवशिक्यास ते फार होईल, अशा आशयाचा दृष्टान्त त्याने आपल्या नीतिशास्त्रात दिला आहे. मध्य हा दोन आकड्यांमधला नसतो. ज्याचा प्रश्न आहे त्याच्या स्थितीवरून तो ठरतो. तेव्हा साडेसात हजार हा मध्यममार्ग नव्हे. विचार करण्याचा कंटाळा आला म्हणून काढलेली ती पळवाट आहे.

ज्याचा प्रश्न आहे त्याची स्थिती कोणती, हे विचारताच आपण त्या पुस्तिकेच्या अशा पानावर येतो जे फारसे कोणी वाचीत नाही. दहा हजारांचा आकडा ठळक अक्षरांत असतो. त्याच्या आसपास, बहुधा बारीक अक्षरांत, असे लिहिलेले असते की मोटार खडतर परिस्थितीत चालत असेल तर तेल याहून लवकर बदलावे. कित्येक पुस्तिकांत ही मुदत निम्म्यावर येते. खडतर परिस्थिती म्हणजे काय, याची यादीही तेथेच असते: वारंवार होणारे लहान प्रवास, थांबत थांबत चालणारी वाहतूक, उभ्या मोटारीचे इंजिन दीर्घकाळ चालू ठेवणे, धुळीचे रस्ते, कडक उन्हाळा, जड ओझे. ही यादी वाचून पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या वाचकाने क्षणभर थांबावे. मुलास शाळेत सोडणे, मंडईत जाऊन येणे, प्रत्येक चौकात दिव्यापाशी उभे राहणे, मे महिन्याचे ऊन आणि बारा महिने चालणारी रस्त्यांची खोदाई. आपण ज्यास नित्याचे जीवन म्हणतो, त्यासच पुस्तिका खडतर म्हणते. आपणांस जे परिचित, ते इंजिनास सौम्य, असे मानण्यास काहीच आधार नाही.

दोन कुटुंबांची कल्पना करू. एका गृहस्थास धंद्याच्या निमित्ताने आठवड्यातून दोनदा पुण्याहून कोल्हापुरास जावे लागते. त्याच्या मोटारीचे दहा हजार किलोमीटर काही महिन्यांतच भरतात, आणि आपण मोटार फार राबवितो अशी खंत त्यास वाटते. दुसरे निवृत्त गृहस्थ वर्षाकाठी तीन हजार किलोमीटरही मोटार चालवीत नाहीत. देवळात, दवाखान्यात आणि लेकीच्या घरी, एवढीच त्यांची जा-ये. मोटार आपण जपून वापरतो असा त्यांस अभिमान असतो, आणि तेल बदलण्याची वेळ अजून फार दूर आहे असे ते म्हणतात. वास्तविक पहिल्याचे इंजिन दररोज पुरते तापते आणि दुसऱ्याचे क्वचितच. थोडा वापर म्हणजे सौम्य वापर नव्हे. दुसऱ्या गृहस्थांच्या हिताची गोष्ट पुस्तिकेतील ‘किंवा एक वर्ष’ या तीन शब्दांत आहे. आणि नेमके तेच शब्द ते विसरतात, कारण किलोमीटरचा आकडा नित्य डोळ्यांसमोर असतो, वर्ष मात्र डोळ्यांदेखत निघून जाते.

तात्पर्य, पुस्तिकेचे वचन निरपेक्ष नाही. ते ‘जर’ या शब्दाने सुरू होते. त्या ‘जर’चे उत्तर निर्माता देऊ शकत नाही, मिस्त्री देऊ शकत नाही, ते मालकासच द्यावे लागते. येथे हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या हद्दीतून निघून नीतीच्या हद्दीत शिरतो. तेलाविषयी आपण अज्ञानी आहो, आणि त्या अज्ञानात दोष नाही. परंतु आपण मोटार कशी वापरतो याविषयी आपल्याइतका जाणता साक्षी दुसरा कोणी नाही. आणि त्याच विषयात आपल्याइतका स्वार्थी साक्षीही दुसरा नाही. ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे आहेत त्यास आपला वापर सर्वसामान्य वाटतो. ज्याच्या मनास भीतीने ग्रासले आहे त्यास प्रत्येक खड्डा खडतर वाटतो. कंजूष पुस्तिकेवर विश्वास ठेवतो, भित्रा मिस्त्रीवर. आणि दोघेही आपल्या स्वभावास श्रद्धेचे नाव देतात.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधात एका जहाजाच्या मालकाची कथा सांगितली आहे. जहाज जुने झाले आहे, दुरुस्ती हवी, अशी शंका त्याच्या मनात येते. पण खर्चाचा विचार करून, आजवर ते इतक्या वेळा सुखरूप परत आले आहे तर याही खेपेस येईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. जहाज बुडते, माणसे मरतात. क्लिफर्डचे म्हणणे असे की त्याची समजूत प्रामाणिक होती हे खरे, पण तशी समजूत करून घेण्याचा त्यास अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा दोष कमी झाला नसता. मोटारीच्या तेलाने माणसे मरत नाहीत, तेव्हा या कथेचा भार येथे टाकणे कोणास अतिरेकाचे वाटेल. विल्यम जेम्सने १८९६ साली क्लिफर्डला उत्तर देताना म्हटले की काही प्रसंगी पुरावा येईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो. ते आपल्या प्रश्नासही लागू आहे: तेल बदलावे की नाही याचा विचार चालू असताना मोटार चालतच असते. पण जे प्रश्न बुद्धीने सुटण्याजोगे नाहीत तेवढ्यांपुरतीच ही मुभा जेम्सने दिली होती. आपला प्रश्न बुद्धीने पुष्कळसा सुटतो. त्यासाठी आपल्या वर्षभराच्या वापराकडे प्रामाणिकपणे एकदा पाहावे लागते, इतकेच.

यावर कोणी म्हणेल की मग संशयाला जागाच कशाला? दर तीन हजारांवर तेल बदलून टाकावे. पैसा आमचा, काळजीही आमची. आम्हांस हे मान्य नाही. अति तेथे माती ही म्हण काळजीसही लागू आहे. मोटारीतून काढलेले तेल नाहीसे होत नाही. ते कोठेतरी जाते. आपल्या देशात २०१६ सालच्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. एका खेपेस मोटारीतून निघणारे तेल दहा लक्ष गॅलन, म्हणजे सुमारे अडतीस लक्ष लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांगितले आहे. जो गृहस्थ गरज नसताना तेल बदलतो आणि काढलेले तेल गॅरेजवाल्याने कोठे टाकले हे विचारीत नाही, तो आपल्या मनाची शांती दुसऱ्याच्या विहिरीच्या मोलाने विकत घेत असतो. निष्काळजीपणा आणि अतिकाळजी ही दोन टोके दूरची वाटतात. पण आपल्या कृतीचे ओझे कोणावर पडते हे न पाहणे, हा दोष दोहोंसही समान आहे.

आणि हे ओझे बहुधा आपल्यावर पडतच नाही. तेल वेळेवर न बदलल्याचा परिणाम त्या महिन्यात दिसत नाही, त्या वर्षीही दिसत नाही. गाळ हळूहळू साचतो, वाटा अरुंद होतात, कडी झिजतात. पाचसहा वर्षांनी गृहस्थ मोटार विकून नवी घेतो. विकताना ती धुतलेली असते, गाद्या झटकलेल्या असतात, इंजिन गोड आवाज करते. ती घेणारा बहुधा पहिल्याने मोटार घेणारा, थोड्या मिळकतीचा मनुष्य असतो. एखादा शिक्षक, एखादा लहान दुकानदार. वर्षा-दोन वर्षांत इंजिन तेल पिऊ लागते, धूर काढू लागते, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याची झोप उडते. आपले नशीबच खोटे असे तो म्हणतो. ज्याच्या आळसाची किंमत तो मोजीत आहे, त्याचे नावही त्यास आठवत नसेल. कायद्यास येथे काही करता येत नाही, कारण पुरावा इंजिनाच्या पोटात आहे आणि कर्ता शहराच्या दुसऱ्या टोकास सुखाने नांदत आहे. ज्या नुकसानीचा जाब विचारणारा कोणी नाही, तेथेच मनुष्याची नीती खरी किती आहे हे कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते सामान्य गृहस्थाने पुस्तिकेतील मुदत ही कमाल मर्यादा मानावी, आणि खडतर परिस्थितीचे पान तितक्याच आदराने वाचावे. गेल्या वर्षात आपण किती वेळा अगदी जवळच्या जवळ गेलो, किती वेळ वाहतुकीत उभे राहिलो, याचा हिशेब मनाशी मांडावा. बहुतेक प्रवास तसे असतील, तर पुस्तिकेने त्यासाठी जी कमी केलेली मुदत दिली आहे ती निमूटपणे घ्यावी. नसतील, तर मिस्त्रीच्या मान हलविण्याने विचलित होऊ नये. किलोमीटर कितीही थोडे झाले तरी वर्षाची अट मोडू नये. तेलाची प्रत पुस्तिका सांगेल तीच ठेवावी. तेल किती आहे हे महिन्यातून एकदा पाहावे. काढलेल्या तेलाचे पुढे काय होते ते विचारावे. शेवटी, ज्या दिवशी तेल बदलले तो दिवस, किलोमीटरचा आकडा आणि तेलाची प्रत पुस्तिकेतल्या कोऱ्या पानावर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावी व पावती तीस जोडावी.

ही शेवटची गोष्ट सर्वांत किरकोळ दिसते, पण आम्हांस तीच मोलाची वाटते. आजवर या लेखात आपण दुसऱ्यांचे आप्तत्व तपासीत आलो. एक दिवस मोटार आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाईल, आणि तो अनोळखी मनुष्य तेलाची पट्टी काढून काळ्या डागाकडे पाहील. त्यालाही त्यातून काही कळणार नाही. मागील वर्षांत त्या इंजिनाचे काय झाले हे जाणणारा एकच साक्षी असेल, तो म्हणजे आपण. वात्स्यायनाची कसोटी त्या वेळी आपणांस लागेल.